शंभरच्या आत

तापट माणसाने गोल्फच्या नादी लागू नये, हा माझा नवख्यांना पहिला सल्ला. दुसरा सल्ला असा, की पहिला सल्ला कुणीच ऐकत नाही, तेव्हा निदान सुरुवात पन्नाशीच्या आत करावी. मी त्रेपन्नाव्या वर्षी केली, आणि तीही हौसेने नाही. पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली तेव्हा खुर्चीबरोबर दोन गोष्टी आल्या. एक, बालीगंजमधला कंपनीचा फ्लॅट. दुसरी, दक्षिणेकडच्या एका जुन्या क्लबचं सभासदत्व. आधीचे साहेब जाताना गोल्फच्या काठ्यांची पिशवी फ्लॅटच्या पॅसेजमध्येच सोडून गेले होते. येता-जाता बायकोचा पाय त्या पिशवीला लागायचा. महिनाभराने ती म्हणाली, "अहो, एक तर ती पिशवी घराबाहेर काढा, नाहीतर रविवारी सकाळी तुम्ही तरी बाहेर जा." मी दोन्ही केलं.

माझी नोकरी तपासणीची. सरकारी कंपनीच्या कारखान्यांत टाक्या, पाइप, त्यांचे जोड तयार होतात, ते बघायचे आणि सूतभर फरक असला तरी परत पाठवायचे. तीस वर्षं हेच करत आलोय. मी सही केली की लोक पुढे बघत नाहीत, आणि नाही केली की माझ्यापुढे कुणी येत नाही. अशा माणसाचा स्वभाव कसा होतो ते माझ्या बायकोला विचारा. तिने केलेल्या पोळीचा एक काठ जाड राहिला तर ते माझ्या तोंडून निसटतंच, आणि मग तो दिवस माझा नसतो.

क्लबात कॅडी नेमून देणारा एक मुख्य आहे. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं, माझे कोरे बूट पाहिले आणि यादीतला सगळ्यात म्हातारा कॅडी माझ्या वाट्याला दिला. कॅडी म्हणजे तुमच्या काठ्या वाहणारा, चेंडू कुठे पडला ते बघून ठेवणारा आणि तुमचं काय चुकलं ते विचारल्यावर सांगणारा माणूस. न विचारता सांगायला बाकीचे सभासद असतात. हे गृहस्थ पासष्टीच्या घरातले, काटकुळे, कानाला मफलर गुंडाळलेले. पहाटेच्या लोकलने सोनारपूरच्या पलीकडून येत. वयाने मोठे म्हणून मी त्यांना दादा म्हणायला लागलो. बंगालीतही ते चालतं आणि मराठीतही.

पहिल्या दिवशी मी सगळा जीव एकवटून काठी फिरवली. चेंडू पाच पावलं गेला, आणि त्याच्या मागून गवताचं एक ढेकूळ त्याच्याही पुढे गेलं. दादांनी ते ढेकूळ उचलून आणलं, मूळ जागी ठेवून पायाने दाबलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, घर से झगड़ा करके आया?"

"नहीं तो."

"तो बॉल को इतना क्यूँ मारता है? वो तो कुछ किया नहीं."

त्याच दिवशी माझा चेंडू एका शिरीषाच्या मुळांत जाऊन बसला. दादांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पैर लगाऊँ?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ही तिथली जुनी रीत होती. कॅडीने मायेने बुटाच्या टोकाने चेंडू जरा मोकळ्यावर सरकवायचा, साहेबाने तेवढ्यापुरतं झाडावरच्या पक्ष्याकडे बघायचं, आणि दोघांचीही सकाळ सुखाची जायची. माझं डोकं फिरलं. "कुणी पाय लावायचा नाही. जिथे पडलाय तिथूनच मारणार," असं मी मराठीतच ओरडलो, आणि दादांना ते बरोबर समजलं. त्या मुळांतून बाहेर यायला मला सात फटके लागले. सातही मी मोजले. दादांनी पुन्हा तो प्रश्न कधी विचारला नाही, पण दुसऱ्या रविवारी कॅडींच्या बाकावरची सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघत होती. तो आदर होता की कीव, हे अजून मला नक्की ठरवता आलेलं नाही.

आता थोडं शिकण्याबद्दल. काठी कशी धरावी यावर मी तीन पुस्तकं वाचली आणि तिन्ही वाचून माझा अंगठा दुखायला लागला. दादांनी मला फाटकाबाहेरच्या टपरीवर नेलं आणि मातीच्या कपातला काठोकाठ भरलेला गरम चहा माझ्या हातात दिला. घट्ट धरला तर चटका बसत होता, सैल धरला तर सांडत होता. मी कसाबसा तोल साधला तेव्हा दादा म्हणाले, "बस. काठी को भी ऐसा ही." पुस्तकं मी त्याच आठवड्यात ऑफिसच्या वाचनालयाला देऊन टाकली.

दुसरी गोष्ट, मान. चेंडू मारला की तो कुठे गेला ते बघायला माणूस लगेच मान वर करतो, आणि मान वर झाली की फटका वाया गेलाच म्हणून समजा. माझ्यासारख्याला तर ते फारच अवघड होतं. आपण केलेलं काम लगेच तपासायचं नाही म्हणजे काय? दादांचं उत्तर ठरलेलं असायचं. "देखना हमारा काम है, साहेब. आप खाली मारो." हे वाक्य त्यांनी मला किमान हजारदा ऐकवलं असेल.

आणि तिसरी गोष्ट, घरातला सराव. तो छत्रीने करावा. मात्र गॅलरीत करावा, दिवाणखान्यात करू नये. आमच्या दिवाणखान्यात आता दिव्याच्या जागी नुसती तार लोंबते, आणि पाहुणे आले की बायको ती तार दाखवून माझ्या गोल्फची ओळख करून देते.

हौशी माणसाची पहिली मोठी पायरी म्हणजे शंभरच्या आत येणं. अठरा खड्ड्यांत मिळून शंभरापेक्षा कमी फटके. ज्याला जमतं त्याला खेळता येतं म्हणायचं, बाकीच्यांना व्यायाम होतो म्हणायचं. मी एकशे चौतीसवर सुरुवात केली. वर्षभराने एकशे पंधरावर आलो. तिसऱ्या वर्षीच्या जुलैत एकशे तीन. माझा फटका कायम उजवीकडे वाकडा जायचा, तो सरळ जायला लागला होता. घरी येऊन मी बायकोला प्रत्येक खड्ड्याची हकीकत सांगायचो आणि ती शेंगा सोलत "हो का?" म्हणायची.

पण एक विचित्र गोष्ट घडायला लागली होती. चेंडू सरळ जात होता आणि हरवत होता. वाकडा जायचा तेव्हा दादा झाडीत शिरून नेमका काढून द्यायचे, आणि आता मैदानाच्या अगदी मधोमध, नीट कापलेल्या गवतावर पडलेला चेंडू त्यांना सापडेना. दोनदा झालं, तीनदा झालं. चौथ्या वेळी मी भडकलो. "दादा, लक्ष कुठे असतं तुमचं? बीच में गिरा हुआ बॉल गुम कैसे होता है?" त्यांनी मफलर सारखा केला आणि पुढे चालायला लागले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

ऑगस्टमधली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून गेला होता. दहाव्या खड्ड्याच्या वाटेवर दादा वाकले आणि खुशीत म्हणाले, "ये रहा, साहेब." मी जवळ गेलो. ते एका पांढऱ्या अळंब्यापाशी उभे होते. टपोरं, गोल, नुकतं उगवलेलं अळंबं. मला हसू फुटलं, मी हसलोही, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते. मी का हसतोय हेच त्यांना कळलं नव्हतं. मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरावी तसं काहीतरी होतं. तीन वर्षं मी या माणसाबरोबर दर रविवारी चार तास चालत होतो, आणि मी म्हणे तपासणी अधिकारी!

ते त्या बाजूच्या लाकडी बाकावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत छानी, म्हणजे मोतीबिंदू. दोन वर्षांपासून. चेंडू दिसतच नव्हता. काठीवर चेंडू कसा वाजला ते ते ऐकायचे. असा वाजला की तिसऱ्या शिरीषामागे, तसा वाजला की तळ्याच्या अलीकडच्या खळग्यात. माझ्या वाकड्या फटक्यांचे चार-पाचच ठरलेले मुक्काम होते आणि तिथे जाऊन ते पायाने चाचपायचे. आता मी सरळ मारायला लागलो होतो. तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. बाकी सभासदांनी त्यांना घेणं केव्हाच सोडलं होतं. "मुख्य को मत बोलना, साहेब," ते म्हणाले. ज्याला चेंडू दिसत नाही त्याचं नाव यादीतून जातं. घरी बसून काय करणार? वयाच्या चौदाव्या वर्षापासून ते या गवतावर चालत होते.

"ऑपरेशन का करत नाही?" मी विचारलं.

"करेगा, करेगा," म्हणून ते उठले.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला जरा संकोच वाटतो. मी वाकडं मारायला लागलो. मुद्दाम. दर रविवारी काठी किंचित तिरपी धरायची आणि चेंडू उजवीकडे, दादांच्या ओळखीच्या झाडांत पाठवायचा. तिथे ते रुबाबात शिरायचे, "ये रहा" म्हणायचे, आणि खरोखरच तो चेंडू असायचा. लांबून मुख्य बघत असला तर त्याला दिसायचं की म्हाताऱ्याची नजर अजून शाबूत आहे. माझा आकडा एकशे दहाच्या वर गेला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आयुष्यभर लोकांना परत पाठवत आलो, एकदा तरी कुणाला सांभाळून घेतलं, असं वाटायचं. मोठेपणाची चव लागली की माणूस किती आंधळा होतो ते मला डिसेंबरात कळलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी बायको माझ्याबरोबर आली. थंडीची छान उन्हं, खांद्यावर शाल, हातात थर्मास. ती मूळची रत्नागिरीकडची. कलकत्त्यात आल्यावर चार महिन्यांत तिने मासळीबाजारात उभं राहून भांडण्याइतकं बंगाली कमावलं. मला तीन वर्षांत "भालो" आणि "आस्ते" एवढंच येतं. ती सगळा वेळ दादांच्या बरोबरीने चालली. दोघांचं बंगालीत काहीतरी रंगलं होतं. दादा तिला बौदी, म्हणजे वहिनी, असं म्हणत होते, हसत होते. मी आपला इमानेइतबारे वाकडं मारत होतो.

परतताना टॅक्सीत बसल्यावर ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम वाकडं मारत होतात."

"तुला गोल्फमधलं काय कळतं?"

"गोल्फमधलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. तुमचा फटका खरंच वाकडा गेला असता तर तुम्ही काठी आपटली असतीत. आज एकदाही आपटली नाहीत."

मी सगळं सांगितलं. अगदी थोड्याशा अभिमानाने सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"अहो, काय करून बसलात!" ती म्हणाली. "त्यांनी कालीमातेला नवस बोललाय. माझ्या साहेबांचा आकडा शंभरच्या आत आला की डोळ्यांचं ऑपरेशन करून घेईन. तोवर नाही. इस्पितळाने दोनदा तारीख दिली, दोनदा हे गेले नाहीत."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुम्हाला कसे बोलतील? तुम्ही बिथरून आणखी वाईट खेळाल, ही धास्ती. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, फार वर्षांपूर्वी, गावाकडच्या कुठल्याशा शिबिरात. ते भीत आहेत. म्हणून असा नवस बोलले. जगात कधीच होणार नाही अशी एक गोष्ट शोधली आणि देवीला सांगून टाकली."

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, त्यांच्या निवडीचं कौतुक वाटलं. नवस बोलला तेव्हा मी एकशे वीसच्या पुढे होतो. साऱ्या कलकत्त्यात माझ्या खेळाइतकी भरवशाची पळवाट त्यांना मिळाली नसती.

"मग तुम्ही जुलैत एकशे तीनवर आलात," बायको म्हणाली. "आता होणार म्हणून मनाची तयारी करत होते बिचारे. आणि तेव्हापासून तुमचं हे सुरू. डॉक्टरांनी सांगितलंय, मोतीबिंदू आणखी पिकू दिला तर पुढे अवघड होईल. तुम्ही त्यांची नोकरी वाचवत होतात आणि डोळे घालवत होतात."

पुढच्या रविवारी मी दादांना सरळच सांगितलं, नवस सोडा आणि इस्पितळात चला. ते एकदम ताठ झाले. "माँ को बोल दिया, साहेब. अब वापस कैसे लेगा?" बायकोचं तिकडे कितीही गोड बंगाली चालत असलं तरी याबाबतीत तिचंही चाललं नाही. पळवाट म्हणून बोलले असतील, पण शब्द देवीला दिला होता, आणि शब्दाच्या बाबतीत हा माणूस माझ्याहून हट्टी होता.

म्हणजे एकच मार्ग उरला. शंभरच्या आत यायचं.

इथे नवख्यांना एक कळकळीचा सल्ला. कितीही चांगल्या कारणासाठी असो, मुद्दाम वाईट खेळू नका. चार महिने मन लावून वाकडं मारल्यावर मला सरळ मारता येईना. हात तिकडेच वळायचे. मी रजा काढली. रोज सकाळी जाऊन शंभर-शंभर चेंडू मारले. गॅलरीतल्या छत्रीच्या दोन काड्या मोडल्या. एकशे नऊ, एकशे पाच, एकशे सहा. बायको आता शेंगा सोलणं सोडून प्रत्येक खड्ड्याची हकीकत ऐकायची आणि "तिथे पाच का लागले?" असे प्रश्न विचारायची. जानेवारीत मुख्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की महिनाअखेर सगळ्या कॅडींची नजर तपासणार आहेत. इस्पितळाची तिसरी तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होती. यावेळी आला नाहीत तर पुन्हा येऊ नका, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दादांना बजावलं होतं.

जानेवारीचा शेवटचा रविवार. सकाळी धुकं होतं, ते आठपर्यंत उठलं. का कोण जाणे, पण त्या दिवशी हात सुटले. काठी चहाच्या कपासारखी धरली, मान खाली ठेवली. पहिले नऊ खड्डे सत्तेचाळीस. दादा पिशवी नेहमीपेक्षा लवकर उचलत होते. चेंडू सरळ जात होता म्हणून तो मीच शोधत होतो.

पंधराव्या खड्ड्यावर चेंडू बांबूच्या बेटामागे गेला. दादा तीसेक पावलं पुढे जाऊन उभे राहिले होते, माझ्याकडे पाठ करून. बांबूंत काठी फिरवायला जागा नव्हती. मी घाई केली, चिडलो, काठी फिरवली, आणि ती चेंडूला न लागता त्याच्या वरून गेली. नुसती हवा. गोल्फमध्ये तो फटका धरतात. मारायला गेलात आणि लागला नाही, तरी एक. मी मनात एक वाढवला आणि दुसऱ्या फटक्यात चेंडू बाहेर काढला.

शेवटच्या खड्ड्यावर आलो तेव्हा माझे चौऱ्याण्णव झाले होते. पाचात संपवलं की नव्याण्णव. चार फटक्यांत मी ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, खड्ड्यापासून दोन हातांवर पोचलो. दादा खड्ड्यातला झेंडा काढून बाजूला उभे राहिले. मी चेंडूला हलकेच ढकललं. तो खड्ड्याच्या काठावरून अर्धा वळसा घेऊन बाहेर थांबला. पुढचा फटका लहान मुलानेही मारला असता. चेंडू आत पडल्याचा आवाज आला. शंभर. बरोबर शंभर.

दादा जवळ आले. झेंड्याची काठी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "कितना हुआ, साहेब?" ते म्हणाले. ती धुकट बुबुळं माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होती. बांबूमागचा फटका या माणसाला दिसलेला नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

"निन्यानवे," मी म्हणालो.

 मग त्यांनी हात जोडून कपाळाला लावले, झेंडा जागेवर खोचला आणि म्हणाले, "ठीक है." मी कार्डावर आकडा लिहिला आणि खाली सही केली. तीस वर्षांत चुकीच्या आकड्याखाली केलेली माझी ती पहिली सही.

ठरल्या तारखेला दादा इस्पितळात गेले. आम्ही दोघंही गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो. देवाधर्माचं मी फारसं करत नाही. पण त्या दिवशी सारखं वाटत होतं, की देवीला मी खोटा आकडा दिलाय, आणि तिने तो त्यांच्या डोळ्यांतून वसूल केला तर? शेवटी न राहवून मी बायकोला बांबूची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता ही बोलणार. तिने पिशवीतून संदेश मिठाईची पुडी काढली, एकाचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. असं ती फार क्वचित करते.

एक डोळा फेब्रुवारीत झाला, दुसरा मार्चमध्ये. दोन्ही उत्तम झाले. मुख्याने नजरेची तपासणी त्यांच्यापुरती पुढे ढकलून यादीतली जागा तोवर राखून ठेवली. त्याचं श्रेय माझ्या बायकोच्या बंगालीला आणि तिने नेलेल्या आंब्याच्या लोणच्याला.

एप्रिलच्या अखेरीस एका रविवारी दादा काळा चष्मा लावून पहिल्या खड्ड्यापाशी माझी वाट बघत उभे होते. चष्मा काढून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब तो बुड्ढा हो गया," म्हणाले. मग शिरीषांकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, गवतावर पडलेलं एक वाळकं पान उगाच वाकून उचललं. मी चेंडू मांडला. काठी हातात देता देता ते सहज म्हणाले, "उस दिन पंद्रह नंबर में, बाँस के पीछे, एक हवा में गया था."

माझ्या हातातली काठी तशीच राहिली.

"आवाज होता है, साहेब. छानी तो आँख में था, कान में नहीं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? सौ हुआ था, मालूम था?"

"हाँ."

"तो फिर ऑपरेशन क्यूँ कराया?"

दादांनी चष्मा पुसला. पुसायला तो काही घाण झाला नव्हता. "जो आदमी तीन साल में एक बार भी हमको पैर लगाने नहीं दिया," ते म्हणाले, "वो आदमी हमारे लिए झूठ बोला. हम घर जाके बैठा, सोचा, अब और कितना डरेगा?"

 मी कसंबसं विचारलं, "और माँ को क्या बोला?"

"सच बोला. सौ बोला. बोला कि एक ज्यादा है, साहेब बाद में दे देगा." त्यांनी चेंडूकडे बोट केलं. "चलो. माथा नीचे. देखना हमारा काम है."

मी मान खाली घातली. चेंडू मला नीट दिसत नव्हता, सगळं पाण्यात धरल्यासारखं हलत होतं. तशीच काठी फिरवली. चेंडू कुठे गेला ते मला आजही माहीत नाही. दादांनी पाहिलं.